चढा म, उतरता म

आमच्या बान नोंगच्या शाळेत फोंगमास्तरांनी एक्केचाळीस वर्षं लिहायला-वाचायला शिकवलं आणि तेवढ्या काळात सरकारने आमची अक्षरं चार वेळा बदलली. बाकीच्या गावांतले मास्तर दर वर्षी नवी पोरं येतात म्हणून वैतागायचे. आमच्याकडे पोरं तीच, पुढे त्यांची पोरं तीच, नाकंसुद्धा तीच. बदलायची ती लिपी. पेकिंगमध्ये कुणीतरी कागदावर सही करायचं. तो कागद डोंगर उतरत उतरत आमच्या या सीमेवरच्या गावात पोचायला वर्ष-दीड वर्ष लागायचं. तोवर मास्तरांची पोरं कुठे बाराखडी पार करून शब्दांना लागलेली असायची. कागद आला की मास्तर तो दोनदा वाचत, नीट घडी करून खिशात ठेवत आणि फळा पुसायला घेत.

मूळचे ते विहारातले. आम्हा ल्यू लोकांत मुलगा सात-आठ वर्षांचा झाला की डोकं भादरून भगवं नेसतो आणि विहारात अक्षरं शिकतो. मुलीला हे नाही. मुलीने सूत कातावं, भात लावावं आणि भावाने वाचून दाखवलेली पोथी ऐकून डोळे पुसावेत. फोंगमास्तर दहा वर्षं विहारात राहिले, जुन्या अक्षरांत पटाईत झाले, आणि अठराव्या वर्षी भगवं उतरवून घरी आले तेव्हा गावात सरकारी शाळा निघत होती. लिहिता येणारा दुसरा कुणी रिकामा नव्हता, म्हणून त्यांना मास्तर केलं. त्यांना एकच अट सांगितली गेली, की तुम्हाला येतात ती अक्षरं शिकवायची नाहीत.

कारण सरकारने आमच्यासाठी नवी अक्षरं काढली होती. जुन्या लिपीत अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर बसतात, कुणी डोक्यावर मात्रा घेतं, कुणी पायाखाली उकार. नव्या लिपीत सगळ्यांना खाली उतरवून एका ओळीत उभं केलं. त्याच वर्षी जमीनदारांच्या जमिनी काढून गावात वाटल्या जात होत्या. विहारातले मोठे भन्ते पहिलं छापील पुस्तक उलटसुलट पाहून म्हणाले, चला, वाटप अक्षरांपर्यंत पोचलं.

पण या वाटपात बायकांच्या वाट्याला काहीतरी आलं, हे भन्तेंच्या लक्षात आलं नाही. नवी अक्षरं विहाराची नव्हती, म्हणून ती मुलींनाही शिकता येत होती. भात लावून झालं की दुपारी चिंचेखाली मास्तर बायकांचा वर्ग घेऊ लागले. त्या वर्गात यी सेंग होती.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर पुढे घोटाळा होईल. आमच्यात प्रत्येक मुलाचं नाव 'ऐ'ने सुरू होतं आणि प्रत्येक मुलीचं 'यी'ने. सिचुआनहून आलेले आमचे हान, म्हणजे चिनी, हेडमास्तर वू पहिल्या दिवशी हजेरी घ्यायला उभे राहिले, त्यांनी पहिलं नाव वाचताना 'ऐ' म्हणून जरा दम खाल्ला, तर एकोणीस पोरं उभी राहिली. त्यांना वाटलं बंड झालं. तेव्हा यी सेंगला आपण नुसतं सेंग म्हणू.

सेंग एकोणीस वर्षांची, हुशार, हात सुंदर. तिने काढलेली अक्षरं पाहून मास्तर इतर बायकांना सांगायचे, हिच्यासारखं लिहा. फक्त एका ठिकाणी तिची गाडी अडायची. आमच्या भाषेत 'मा' म्हणजे ये, आणि 'मा' म्हणजे कुत्रा. फरक फक्त सुराचा. म्हणून नव्या लिपीत दोन 'म' आहेत, एक चढा आणि एक उतरता. उतरत्या म-ने 'ये', चढ्याने 'कुत्रा'. सेंग नेमका उलटा म लिहायची. 'आई, घरी ये' या वाक्याचं 'आई, घरी कुत्रा' व्हायचं. 'पाहुणे, आत या' लिहायला सांगितलं की पाहुण्यांची काही धडगत नसे. मास्तर लाल खडूने म-भोवती गोल काढायचे आणि अर्धा मार्क कापायचे. सारा वर्ग हसायचा. माझी थोरली बहीण त्या वर्गात होती. ती म्हणायची की सेंगला तो म येत नव्हता हे खरं नाही, गोल काढायला मास्तरांना तिच्या पाटीवर वाकावं लागायचं हे खरं. पण माझी बहीण लग्नाआधी सगळ्यांबद्दल असंच बोलायची.

दोघांनी एकमेकांना कधी काही सांगितलं, असं कुणी ऐकलं नाही. मग मोठ्या घोषणांचं साल आलं. अख्ख्या गावाची मिळून एकच मोठी चूल, मोठी शेतं, पोलादासाठी घरातल्या कढयासुद्धा वितळवायला दिल्या. सीमेलगतच्या गावांतून माणसं गुपचूप पलीकडे जाऊ लागली. एका सकाळी सेंगचं घर रिकामं दिसलं. तिचा बाप सगळ्यांना घेऊन लाओसमध्ये म्यांग सिंगला गेला होता. तिकडेही आपलेच ल्यू लोक. भाषा तीच, विहार तसेच, तांदूळ तितकाच चिकट. फक्त त्यांची अक्षरं जुनी राहिली. म्हणजे त्या अख्ख्या मुलखात नवी अक्षरं येणारी एकटी सेंग. तिने काही लिहिलं तर तिथे कुणाला वाचता येणार नाही, आणि तिला कुणी लिहिलं तर तिला वाचता येणार नाही. शिकून माणूस कुठे पोचतं, ते पाहा.

चार वर्षांनी तिची चिठ्ठी आली. मिठाच्या व्यापाऱ्याने आणली. मास्तर तेव्हा जिल्ह्याच्या गावी, चियांगरुंगला, तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला गेले होते. घरी त्यांची आई एकटी. गावात आईला लेकराच्या नावाने हाक मारतात, म्हणून तिला सगळे 'मे फोंग' म्हणायचे, फोंगची आई. तिला वाचता येत नव्हतं. तिने शाळेतली सगळ्यात हुशार मुलगी बोलावून घेतली. अकरा वर्षांची ती हुशार मुलगी मी होते.

मास्तरांनी आम्हाला एकच नियम घोकून घेतला होता: जे लिहिलंय तेच वाचायचं, मनातलं वाचायचं नाही. मी उभी राहून, हात मागे बांधून, शाळेत वाचतात तसं वाचलं. चारच वाक्यं होती. मे फोंगने मला तिसरं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग पुन्हा एकदा. चौथं वाक्य एका शब्दाचं होतं, 'कुत्रा', ते मी तीनदा ठसक्यात वाचलं. तिने मला केळीच्या पानातली गोड भाताची वडी दिली, चिठ्ठी घेतली आणि म्हणाली, "पुरे, जा आता."

मास्तर परत आले तेव्हा आईने त्यांना सांगितलं, सेंगची ख्यालीखुशाली आली होती. भात लावलं म्हणते, घर बांधलं म्हणते, कुत्रा आहे म्हणते. चिठ्ठी? चुलीत घातली. पलीकडचा कागद घरात कोण ठेवणार, दिवस कसे आहेत.

मास्तर त्या संध्याकाळीच आमच्या घरी आले. मी अंगणात डुकरांना खायला घालत होते. त्यांनी मला विचारलं, कोणता शब्द होता? मी सांगितलं, कुत्रा. कोणता म? चढा, मास्तर. नीट पाहिलास? नीट पाहिला. मला वाटलं, शाबासकी मिळेल. पण त्यांना माहीत होतं की सेंगने चढा म लिहिला म्हणजे कुत्राच, असं होत नाही. 'कुत्रा' लिहायचा असता तर तिने उतरता लिहिला असता! की चार वर्षांत ती सुधारली होती? तिच्याकडे खरंच कुत्रा होता? सगळं त्याच्या आधीच्या वाक्यावर अवलंबून होतं.

"ओन," ते मला म्हणाले, "कुत्र्याच्या आधी काय होतं गं?"

मला आठवेना. लहान मुलाच्या डोक्यात चार वाक्यांतून कुत्रा राहतो, बाकीचं पुसलं जातं. भात, घर, आणि मग काहीतरी घरातलं, मग कुत्रा. त्या काहीतरी घरातल्यासाठी त्या माणसाने मला पुढची साठ वर्षं विचारलं.

विचारायच्या जागा मात्र सरकार बदलत राहिलं. मी पंधरा वर्षांची झाले तेव्हा हुकूम आला की ल्यू अक्षरं बंद, जुनी बंद, नवी बंद, शिकवायचं ते फक्त हान भाषेत. पुस्तकं गोळा करून नेली. विहारात धान्य ठेवलं. मास्तर हान भाषा शिकवू लागले आणि ती आमच्या सुरात शिकवू लागले, त्यामुळे आमच्या गावाची एक पिढी अशी हान भाषा बोलते की ऐकून हान माणूस विचारतो, तुम्ही कोणत्या देशाचे? शाळेच्या डुकरांची जबाबदारीही त्यांच्यावर टाकली होती. मला तोवर शाळेत मदतनीस म्हणून घेतलं होतं. कोंडवाड्यापाशी काठीने चिखलात ते एक म काढायचे, शेजारी दुसरा काढायचे, इकडेतिकडे बघायचे आणि हळूच विचारायचे, "काही आठवलं?" मग डुकरं दोन्ही म तुडवून जायची.

दिवस पालटले. मी पुरती मास्तरीण झाले, लग्न झालं, दोन पोरं झाली. मास्तरांचं लग्न झालं नाही. मे फोंग शेवटपर्यंत मागावर बसायची आणि मागाच्या तालावर मुलाला बोलायची: अमक्याची पोरगी चांगली आहे, तमकीच्या हाताला चव आहे. तो म्हणायचा, बघू. ती गेली तेव्हा मागावर अर्धं कापड तसंच होतं.

मग अक्षरं परत आली. आधी नवी, सहा वर्षांसाठी. मास्तरांचा चेहरा त्या सहा वर्षांत तरुण झाला होता. त्यानंतर वर कुणाच्या तरी लक्षात आलं की नवी लिपी विहारात चालत नाही, पोथ्या वाचता येत नाहीत, सीमेपलीकडच्या नातलगांना कळत नाही. म्हणून जुनीच बरी. गावात आनंदीआनंद झाला. विहार पुन्हा उघडला होता, घंटा वाजत होती. सगळ्यात जास्त आनंद विहारात दहा वर्षं काढलेल्या मास्तरांना व्हायला हवा होता. पण तेवढा एकच माणूस गावात तोंड पाडून बसला.

मलाही जुनी अक्षरं येत नव्हती, बाईमाणूस मी. पस्तिसाव्या वर्षी मी ती बारा वर्षांच्या एका लहान भिक्षूकडून शिकले. पोरं शाळा सोडून विहारात पळत होती, म्हणून मास्तरांनी भन्तेंशी तह केला होता की भगवं नेसलेलेही दुपारी शाळेत येतील. असे चौघे माझ्या वर्गात बसायचे. सकाळी विहारात मी ज्याच्या पुढे डोकं टेकायचं, दुपारी त्याचाच गृहपाठ तपासायचा, आणि कान पिळायचा म्हटलं तर बाईने भिक्षूला हात लावायचा नाही. ती चार पोरं शाळेच्या इतिहासातली सगळ्यात सुखी पोरं असावीत.

मास्तर जुनी लिपी उत्तम शिकवायचे. पण फळ्याचा उजवा कोपरा ते नव्या अक्षरांसाठी राखून ठेवायचे. तपासनीस आला, त्याने विचारलं, हे काय? मास्तर म्हणाले, तुलनेसाठी. तपासनीसाने शेरा लिहिला. पुढच्या वर्षी दुसरा आला, त्यानेही लिहिला. मास्तरांचं म्हणणं साधं होतं आणि ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. जुन्या लिपीत कुत्र्याच्या म-ला ह जोडलेला असतो, चूक व्हायची सोयच नाही. जुनी शिकवली असती तर तिने बरोबर लिहिलं असतं. "पण मग ती शिकलीच नसती," ते म्हणाले. "आता हीही अक्षरं गेली, तर तिचं लिहिलेलं वाचायला जगात कोण राहील?"

याच सुमारास सीमा सैल झाली. तालुक्याला अर्ज दिला की पलीकडे जायचा पास मिळायचा. बातम्या यायला लागल्या: सेंगचं लग्न झालं होतं, नवरा वारला, नातवंडं आहेत. मी मास्तरांना म्हटलं, जाऊन विचारून या ना एकदा. महिनाभर विचार करून ते तयार झाले. नवा सदरा शिवला. मी सोबत गेले. अर्जात रकाने होते: नाव, गाव, कुणाकडे जाणार, जाण्याचं कारण. पहिले तीन त्यांनी सुबक अक्षरात भरले. चौथ्यापाशी पेन थांबलं. खिडकीतला कारकून हुनानचा, तरुण, जेवायच्या घाईत. तो म्हणाला, आजोबा, लिहा काहीतरी. नातलग, व्यापार, लग्न, मयत. मास्तरांनी चारही शब्द तोंडात घोळवून पाहिले. एकही बसेना. मग त्यांनी अर्जाची घडी केली आणि खिशात घातली, हुकमाच्या कागदाची करायचे तशीच.

बसमध्ये बराच वेळ ते खिडकीबाहेर रबराची झाडं बघत होते. नाक्यापाशी म्हणाले, "खरंच कुत्रा असेल तर मी वेडा ठरतो, आणि 'ये' असेल तर नालायक. कोणता ते कळल्याशिवाय तोंड कसं दाखवू?"

ते निवृत्त झाले त्या वर्षी सरकारने नवी लिपी परत आणली. निरोपाच्या सभेत हेडमास्तरांनी ही बातमी सांगितली तेव्हा मास्तर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. कपाटात तीन पिढ्यांची पुस्तकं होती, नवी, जुनी आणि पुन्हा नवी. वाळवीने भेदभाव न करता तिन्ही खाल्ली.

त्यानंतर शाळाच गेली. लहान गावांच्या शाळा तालुक्याच्या मोठ्या शाळेत मिळवून टाकल्या. पोरं सोमवारी वसतिगृहात जातात, शुक्रवारी येतात. आमच्या इमारतीत आता केळ्यांची खोकी ठेवतात. तालुक्याच्या शाळेत ल्यूचा तास आधी रोज होता, मग आठवड्यातून एकदा झाला, आता सणाला पोरं ल्यू कपडे घालून नाचतात. नाचतात छान. फळ्यावर 'मा' लिहून दाखवला तर विचारतात, आजी, हे चित्र कशाचं?

मागच्या चैत्रात, एकमेकांवर पाणी उडवायच्या आमच्या पाणसणाच्या आदल्या दिवशी, मास्तरांच्या पुतण्याने मे फोंगचा तो जुना माग विकला. पर्यटकांसाठी राहायची घरं बांधणाऱ्या एकाला तो दिवाणखान्यात शोभेला हवा होता. माणसं माग सोडवत होती. कापड गुंडाळायची बांबूची जाड नळी होती, तिच्या तोंडाला मेणाने बूच बसवलेलं. ते निघालं आणि आतून घडी केलेला कागद पडला.

पुतण्या तो माझ्याकडे घेऊन आला, कारण गावात ती अक्षरं अजून लक्षात असलेली आता मी आणि मास्तर. आणि मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. मी कागद उलगडला आणि हात मागे बांधावेसे वाटले.

मे फोंगने चिठ्ठी जाळली नाही, आणि दिलीही नाही. सतरा-अठरा वर्षं ती तिच्यावर कापड गुंडाळत राहिली.

मास्तर ओसरीवर बसले होते, सत्त्याऐंशी वर्षांचे, मांडीवर मांजर. मी सांगितलं, चिठ्ठी सापडली. मांजर उठून गेलं, पण मास्तर हलले नाहीत. म्हणाले, वाच. मग म्हणाले, जे लिहिलंय तेच.

मी वाचलं: "भात लावून झालं. बाबांनी घर बांधलं. चुलीजवळ दोन स्टुलं आहेत."

इथे मी थांबले, कारण तिसरं वाक्य मला साठ वर्षांनी कळलं. आमच्यात मुलगी चुलीजवळ सूत कातायला बसते ती वेताच्या ठेंगण्या स्टुलावर, आणि दुसरं स्टूल घागऱ्याच्या घोळाखाली लपवून ठेवते. भेटायला पोरं येतात, उभी राहतात, थट्टा करतात, जातात. जो मनात असेल त्याच्याचसाठी ती दुसरं स्टूल काढते. अकरा वर्षांच्या पोरीला हे ठाऊक नसतं. मे फोंगला ठाऊक होतं. म्हणून तर तिने ते तीनदा ऐकलं.

"पुढे?" मास्तर म्हणाले.

"ये," मी म्हटलं.

"तसं लिहिलंय?"

"नाही. लिहिलंय कुत्रा."

ते हसले. डोळ्यांतून पाणी आलं, पण मोतीबिंदूने तसंही येतं. मग त्यांनी मला कागद आणायला सांगितला. माझी भाची यी लोइ कापडाच्या व्यापाराला महिन्यातून दोनदा म्यांग सिंगला जाते. तिनेच सांगितलं होतं की सेंग आजी अजून आहे, ऐकू कमी येतं, पण डोळे धड आहेत, सुईत दोरा स्वतः ओवते.

मास्तरांनी सांगितलं आणि मी लिहिलं: "चिठ्ठी आज मिळाली. स्टूल असेल तर राहू दे." मग ते थांबले आणि म्हणाले, लिही, येतो.

आमच्यात 'येतो'लाही तोच 'मा'. मी पेन टेकवलं तर त्यांनी विचारलं, कोणता म काढतेस?

"उतरता. तुम्हीच शिकवलेला."

"तो नको," मास्तर म्हणाले. "तिचा काढ."

चार हुकूम आले-गेले तरी ज्या माणसाने चुकीच्या म-ला कधी अर्धा मार्क सोडला नाही, त्याच्या सांगण्यावरून मी चढा म काढला. ठळक काढला.

भाची दुसऱ्या दिवशी निघाली. सणाचे दिवस, प्रत्येक गावाच्या वेशीवर पोरं बादल्या घेऊन उभी, गाडी कोरडी जाऊ देत नाहीत. मी चिठ्ठी प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून तिला दिली. तिने ती उजेडात धरून पाहिली. तिला हान वाचता येतं, लाओ बोलता येतं, फोनवर दोन्ही देशांचे भाव बघता येतात.

"आत्या, शेवटी काय लिहिलंय?"

"कुत्रा," मी म्हटलं.

तिने चिठ्ठी उलटून पाहिली. म्हणाली, एवढ्यासाठी मी म्यांग सिंगच्या पुढे आत वीस किलोमीटर जाऊ? मी म्हटलं, जायचं. वाचणारी वाचेल, तू फक्त ओलं होऊ देऊ नकोस.